फुकट्या माश्या आणि खर्चुडीचं फूल



व्याख्यानाचा विषय कळवला त्याच दिवशी व्याख्यानमालेच्या कार्यवाहांचा फोन आला. निमंत्रणपत्रिकेत 'माश्या' असंच छापायचं का, असं त्यांनी फार अदबीनं विचारलं. गेल्या वर्षी याच व्यासपीठावर राज्यघटनेवर व्याख्यान झालं, त्याआधी संतसाहित्यावर. त्या रांगेत माशी बसवायची म्हणजे अवघडच. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी हयातभर प्राणिशास्त्र शिकवलं, आणि परीक्षेत न येणारा भाग जास्त मन लावून शिकवला. सरांची हरकत नसती, एवढ्या भरवशावर मी विषय बदलला नाही.

आज ज्या माश्यांबद्दल बोलायचं आहे त्या चहाच्या कपाभोवती घोंगावणाऱ्या घरमाश्या नव्हेत. यांचं कुळ मिलिकिडी. अंगानं बहुतेक दोन-तीन मिलिमीटर, रंगानं काळ्या, झाडाझुडपांत वावरणाऱ्या. तुमच्या नजरेसमोरून त्या कितीदा तरी गेल्या असतील आणि चिलट समजून तुम्ही हात झटकला असेल. जगभरात यांच्या अडीचशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. बहुतेकांच्या अळ्या कुजक्या पाल्यात, शेणात वाढतात. त्यात नवल काही नाही. नवल आहे ते कित्येक जातींच्या माद्यांच्या जेवणात. कोळी, मारेकरी ढेकूण, प्रार्थनाकीटक, उडत्या किड्यांवर झडप घालणारी रॉबर माशी, यांपैकी कुणी शिकार धरली की या माद्या तिथे हजर होतात आणि शिकाऱ्याच्या ताटात जेवून जातात. इंग्रजीत यांना 'फ्रीलोडर फ्लाय' म्हणतात, 'जॅकल फ्लाय' असंही म्हणतात. वाघामागे कोल्हं हिंडावं तशा या शिकाऱ्यामागे हिंडतात म्हणून. आपल्याकडे अशा मंडळींसाठी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. मी आपलं त्यांना फुकट्या माश्या म्हणणार आहे.

हे पाहायला अभयारण्यात जायला नको. शेताच्या बांधावर, परसातल्या झेंडूवर, सूर्यफुलाच्या वाफ्यात खेकडा-कोळी असतो. पांढरा नाहीतर पिवळा, फुलाच्या रंगात मिसळून गेलेला, पुढचे दोन्हीकडचे पाय पसरून बसलेला. तो जाळं विणत नाही, नुसता बसतो. फुलोरी किंवा सातेरी माशी मधासाठी उतरली की पुढच्या पायांनी तिला कवळतो आणि डोक्यामागे, मानेत, विषदंत रोवतो. माशीची तडफड क्षणभर चालते, मग पाय सैल पडतात. आता भिंग काढायचं आणि वाट पाहायची. नशीब असेल तर थोड्याच वेळात मेलेल्या मधमाशीवर एक काळा ठिपका उतरतो. मग दुसरा, मग आणखी. हे ठिपके चालू लागतात. एक मानेच्या जखमेपाशी जातो, एक तोंडापाशी, एक पोटाच्या टोकाला, नांगीच्या बाजूला. भिंगातून नीट पाहिलं तर दिसतं की या माशीची सोंड कोपरातून दुमडावी तशी दुमडलेली आहे. ती उलगडते, मधमाशीच्या अंगावरच्या फटीत टेकते आणि पुन्हा दुमडते. यांतल्या डेस्मोमेटोपा नावाच्या प्रजातीत एका जातीच्या कपाळावर काळी खूण असते, रोमन 'एम' अक्षरासारखी, म्हणून शास्त्रज्ञांनी तिचं नावच डेस्मोमेटोपा एम-नायग्रम ठेवलं.

या सोंडेत एक मोठी उणीव आहे: तिला टोचता येत नाही. कीटकाचं कवच भेदणं या माशीच्या आवाक्यातलं नाही. ते काम कोळी करतो. तो विष टोचतो, पाठोपाठ पाचकरस सोडतो, आणि भक्ष्याच्या आतलं मांस विरघळवून शोषून घेतो. खेकडा-कोळी भक्ष्य चावून चोथा करत नाही. बारीक छिद्रांतून आतलं सगळं ओढतो आणि मधमाशीचं कवच जसंच्या तसं टाकून देतो. या कारभारात छिद्राभोवती जे पाझरतं त्यावर फुकट्या माशीचं पोट भरतं. कोळी मधूनच एखादा पाय झटकतो. माशी इंचभर उडते आणि परत येऊन बसते. तिला पकडून खाण्यात कोळ्याला काही लाभ नाही. एवढ्याशा घासासाठी तोंडातली मधमाशी कोण सोडणार?

ताटावर येणाऱ्या जवळजवळ सगळ्या माद्या असतात. अंडी पिकवायला प्रथिनं लागतात आणि फुलांतल्या मधात ती नसतात. रक्त पिणारे डास सगळे मादीच असतात, त्यामागचं कारणही हेच. डासाच्या मादीनं त्यासाठी सुई कमावली. या माद्यांकडे सुई नाही, म्हणून त्यांनी नाक कमावलं. माझं आजचं सगळं व्याख्यान या नाकाबद्दल आहे, असं म्हटलं तरी चालेल.

कारण खरा प्रश्न असा आहे की त्यांना कळतं कसं? शिकार कुठे होईल याचा नेम नाही. झाली की मेजवानी अर्ध्या-एक तासात आटोपते. कुजलेल्या मांसाचा वास दूरवर पसरतो, घोंगावणाऱ्या माश्या तो हुंगत येतात. पण इथे मांस कुजलेलं नाही, जीव आत्ता कुठे गेला आहे, कधीकधी तोही पुरता गेलेला नाही. ताज्या मरणाला वास असतो का?

असतो. तो मरणाऱ्यानंच सोडलेला असतो.

हे फार सुरेख दाखवलं ते टॉमस आयस्नर यांनी. कॉर्नेल विद्यापीठात हयात घालवलेला हा माणूस. कीटक एकमेकांशी रसायनांच्या भाषेत कसे बोलतात, या विषयाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव अग्रभागी आहे. पत्नी मारिया आणि सहकारी मार्क डायरप यांच्याबरोबर त्यांचा एक निबंध 1991 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. निरीक्षण असं होतं: नेफिला हा सोनेरी धाग्याचं मोठं जाळं विणणारा कोळी. त्याच्या जाळ्यात घाण वासाचे ढेकूण सापडले की फुकट्या माश्या त्यांच्यावर गोळा होतात. नेफिलाची आपल्याकडची बहीण तुम्ही पाहिली असेल. पावसाळा सरता सरता कोकणातल्या आणि घाटातल्या जंगलात वाटेवर आडवं जाळं लावून बसलेली हाताच्या पंजाएवढी कोळीण, तीच. आणि ढेकूण म्हणजे अंथरुणातले नव्हेत, तर झाडांचा रस शोषणारे, हातात धरले की उग्र फवारा सोडणारे. कोथिंबिरीच्या वासाची ज्यांना शिसारी येते ते अगदीच वेडे नसतात. कोथिंबिरीच्या पानात आणि या ढेकणांच्या फवाऱ्यात एकाच घराण्यातली आल्डिहाइड रसायनं असतात.

जाळ्यात अडकलेला ढेकूण शेवटचा उपाय म्हणून फवारा सोडतो. नेफिलावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. ती जेवायला बसतेच. पण फवाऱ्याचा वास वाऱ्यावर जातो आणि माश्या येतात. आयस्नर मंडळींनी मग फवाऱ्यातलं एक रसायन, ट्रान्स-2-हेक्झेनाल, नुसतंच उघड्यावर ठेवून पाहिलं. ढेकूण नाही, कोळी नाही, जाळं नाही. तरी माश्या आल्या. जीव वाचवण्यासाठी मारलेली हाक मारेकऱ्याला ऐकू गेली नाही, आगंतुकांना मात्र गेली. शत्रूला पळवायला बनवलेलं अस्त्र जेवणाची घंटा होऊन बसलं, यातला क्रूर विनोद निसर्गाचा आहे. मी फक्त निरोप पोचवतो आहे.

यानंतर जेफ्री ऑल्ड्रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशाच रसायनांचे सापळे लावले तेव्हा मिलिकिडी माश्यांबरोबर क्लोरोपिडी नावाच्या दुसऱ्या कुळातल्या माश्याही आल्या. एवढंच नाही, खेकडा-कोळ्यांचे नरही आले! कोळ्यांच्या नरांनी तिथे का यावं, यावर तर्क लढवायला भरपूर जागा आहे. जिथे शिकार झाली तिथे एखादी मादी कोळीण जेवत बसली असेल, असा हिशेब त्यामागे असावा असं मला वाटतं. एका मरणाची बातमी कितीजण वाचतात पाहा.

मधमाशीची बातमी याहून तपशीलवार असते. मधमाशी एकटी नसते, तिचं घर असतं, बहिणी असतात. त्यामुळे तिच्या अंगात निरोप देणाऱ्या ग्रंथीच जास्त. जबड्याच्या ग्रंथीत 2-हेप्टॅनोन असतं. नांगीच्या बुडाशी धोक्याची सूचना देणारी एस्टरं असतात. त्यांतल्या एकाला पिकल्या केळ्याचा वास येतो, म्हणून जाणते मधपाळ पोळ्यापाशी जाताना केळं खात नाहीत. पोटाच्या टोकाजवळच्या नासोनोव्ह ग्रंथीतून जेरानिऑल सुटतं, ते बहिणींना इकडे या म्हणून सांगायला. जेरानिऑल आपल्याला अनोळखी नाही. खानदेशातल्या डोंगरांवरच्या रोशा गवताचं तेल एके काळी दूरदूर जायचं; त्याच्या गुलाबासारख्या वासाचं मुख्य कारण हेच जेरानिऑल. कोळ्यानं मधमाशीला कवळलं की हे सगळे डबे एकदम उघडतात. घराण्याच्या आतली बोलणी भर चौकात ऐकू जातात, आणि चौकात डेस्मोमेटोपा कान टवकारून बसलेलीच असते. बसलेली म्हणजे कधीकधी शब्दशः: काही फुकट्या माश्या शिकाऱ्याच्या पाठीवरच मुक्काम ठोकतात, तो शिकार करीपर्यंत त्याच्याबरोबर हिंडतात, आणि पहिल्या घासाला हजर राहतात.

इथे थोडं थांबून चोरीच्या प्रतवारीबद्दल बोललं पाहिजे, कारण सगळ्या चोरांना एका तराजूत तोलणं बरं नाही. आतापर्यंतच्या माश्या उष्ट्यावर जगणाऱ्या. कोळ्याचं त्यात नुकसान किती? माझ्या मते नगण्य. पण माश्यांच्या जगात सरळसरळ वाटमारीही चालते, आणि तिचे नमुने आपल्या अंगणात आहेत.

बेंगालिया ही पिवळट तपकिरी माशी, घरमाशीपेक्षा अंमळ थोराड, भारतात बऱ्याच ठिकाणी आढळते. मुंग्यांच्या रांगेच्या कडेला दगडावर नाहीतर काडीवर ती बसते आणि तोंड रांगेकडे करून टक लावते. मुंग्या अंडी, कोश किंवा मेलेला किडा घेऊन चाललेल्या असतात. बेंगालिया एकदम पुढे होते, मुंगीच्या तोंडातलं ओझं सोंडेनं धरते आणि ओढते. या सोंडेच्या टोकाला दातेरी कड असते, ती उष्टं चाटणाऱ्यांच्या सोंडेसारखी लेचीपेची नाही. आंबोलीच्या एका विश्रामगृहाच्या कठड्यावर मी हा प्रकार पाहिला आहे. मुंगी कोश सोडेना, माशी ओढ सोडेना. दोघी कठड्याच्या काठापर्यंत घसरत गेल्या. माशीनं मुंगीसकट कोश उचलला, वीतभर उडून पलीकडे बसली, मुंगी गळून पडली आणि माशी जेवायला लागली. बाकीच्या मुंग्या रांग मोडून सैरावैरा धावत होत्या, पण उडणाऱ्याचा पाठलाग चालणाऱ्यानं कसा करायचा? जावामध्ये एडवर्ड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला असंच पाहिलं होतं. त्यांनी पाठवलेल्या माशीला द मेइरे या डच शास्त्रज्ञानं बेंगालिया लॅट्रो, म्हणजे दरोडेखोर बेंगालिया, असं नाव दिलं.

याच जेकबसननी जावात आणखी एक, जास्त नाजूक चोर पाहिला, तोही डासांतला. मलाया नावाच्या प्रजातीतले हे डास माणसाला चावतच नाहीत. झाडाच्या खोडावरून क्रेमॅटोगॅस्टर मुंग्या माव्याचा गोड रस पोटात भरून घरी निघालेल्या असतात. डास मुंगीच्या पुढ्यात उतरतो, तिला अडवतो आणि आपली सोंड सरळ तिच्या तोंडात घालतो. मुंगी रसाचा थेंब वर काढते, डास तो पितो, आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात. मुंग्या एकमेकींना असा घास भरवतातच. डासानं त्या सवयीचा फायदा घेतला. या प्रजातीतले डास भारतातही आहेत. डास म्हटला की आपण चापट मारतो, तेव्हा हा एक अपवाद लक्षात ठेवायला हरकत नाही.

या थेंबासाठी दांडगाई करणारी माशी मात्र पुन्हा मिलिकिडी कुळातलीच. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतात मिलिकिया पॅट्रिझाय या जातीच्या माश्या क्रेमॅटोगॅस्टर मुंग्यांच्या वाटेवर दबा धरतात. ॲलेक्स वाइल्ड हे मुंग्यांचे अभ्यासक आणि छायाचित्रकार, आणि इरिना ब्रेक या मिलिकिडी कुळाच्या तज्ज्ञ. दोघांनी 2009 मध्ये या माश्यांच्या वागण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. माशी मुंगीला गाठते आणि तिच्या दोन्ही मिशा आपल्या मिशांनी पकडते. पकडीसाठी माशीच्या मिशीला खास खाच आहे. मिशा धरल्या की मुंगी जागच्या जागी थिजते, रस वर काढते, माशी तो पिऊन सोडून देते. मिशीचं काम वास घेण्याचं. त्या मिशीला पकडीचं हत्यार बनवलं गेलं, म्हणजे धंदा किती जुना असेल याची कल्पना करा.

तिसरी तऱ्हा पाळत ठेवणाऱ्यांची. वाळूत बीळ करणाऱ्या गांधीलमाश्या किडे बधिर करून बिळात नेतात आणि पिल्लांसाठी साठवतात. मिल्टोग्रामा गटातल्या करड्या माश्या त्यांच्या मागे ठरावीक अंतर राखून उडतात, वळणावर वळतात, थांबली की थांबतात. म्हणून यांना सॅटेलाइट फ्लाय म्हणतात. गांधीलमाशी बिळात शिरत असताना ही माशी तिच्या ओझ्यावर झटकन आपल्या जिवंत अळ्या टाकते. पुढे बिळात गांधीलमाशीच्या पोरांचा घास या अळ्या खातात, आणि पोर बहुतेकदा उपाशी मरतं. फ्रान्समध्ये झाँ-आन्री फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकात बेंबेक्स नावाच्या गांधीलमाशीच्या दारात हा खेळ तासन्‌तास पाहिला. बेंबेक्स पोरांना खाऊ घालते ते माश्याच! दिवसभर माश्या मारून आणते, आणि तिच्या दारात बसलेल्या माशीला, जी तिच्या घराचा सत्यानाश करणार आहे, तिला मात्र हात लावत नाही. चोराला घाबरून चकरा मारते, दूर उडून जाते, पुन्हा येते. फाब्र यांच्यासारखा माणूस या कोड्यापुढे हतबुद्ध झाला होता.

मी एवढा वेळ वाटमाऱ्यांपाशी घालवला, कारण मला ते आवडतात. पण आता मूळ रस्त्यावर येऊ. नाकावर जगणाऱ्याची एक अडचण असते: नाकाला फसवता येतं. आणि कुणीतरी फसवणार हे ठरलेलंच. ते कुणीतरी निघालं एक फूल.

सेरोपेजिया सँडरसोनी ही दक्षिण आफ्रिकेकडची वेल. तिचं हिरवट फूल खाली फुगीर, मध्ये नळी, आणि वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेली छत्री. हौशी बागवान तिला पॅराशूट प्लांट म्हणतात. या फुलात डेस्मोमेटोपा माश्या सापडतात हे ठाऊक होतं, पण फुलाकडे त्यांनी का जावं? जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ॲनेमारी हायडुक, श्टेफान ड्योटर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली 'करंट बायॉलॉजी'त उत्तर दिलं. त्यांनी फुलाचा वास गोळा केला, हल्ला झालेल्या मधमाशीचा वास गोळा केला, आणि दोन्हींचं पृथक्करण करून समोरासमोर ठेवलं. अनेक घटक सारखेच निघाले. मग कोणत्या घटकाला माशीची मिशी प्रतिसाद देते तेही विजेच्या संदेशांतून मोजलं. शेवटी त्यांतले मोजके घटक, म्हणजे जेरानिऑल, 2-हेप्टॅनोन, 2-नोनॅनॉल आणि ऑक्टेनिल ॲसिटेट, एकत्र करून आफ्रिकेत उघड्यावर ठेवले. डेस्मोमेटोपा आल्या. फूल चक्क मरणाऱ्या मधमाशीची नक्कल करत होतं. रंगाची नाही, आकाराची नाही; नुसत्या किंकाळीची.

माशी छत्रीखाली उतरते, वास आतून येतो म्हणून नळीत शिरते. नळीच्या आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात; खाली घसरायला सोपं, वर यायला अशक्य. तळाच्या फुगीर खोलीत मधमाशी नसते. पुंकेसर-स्त्रीकेसरांचा एक गुंतागुंतीचा खांब असतो, त्याच्या कडेला थोडासा मध. माशी सोंड घालते तेव्हा परागांच्या जोडगोळीला असलेला चिमटा सोंडेवर बसतो. साधारण दिवसभर माशी कोंडलेली राहते. मग केस सुकतात, फूल मान टाकतं, आणि वाट मोकळी होते. सोंडेवर परागांचं ओझं घेऊन माशी उडते आणि पुढच्या खोट्या किंकाळीला पुन्हा भुलते. भुलली नाही तर वेलीला शेंगच धरणार नाही. चोरावर मोर म्हणतात तो हा.

हे एकाच वेलीचं वेड नव्हे. भूमध्य समुद्राकाठच्या ॲरिस्टोलोकिया रोटुंडा या वनस्पतीवर बिर्गिट अल्श्लेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. 2015 मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथे फूल वास देतं ताज्या मेलेल्या मिरिड ढेकणाचा आणि फसतात क्लोरोपिडी माश्या. आपल्या रानातली सापसंद याच प्रजातीतली. तिच्याही फुलाला नळी आणि खोली आहे.

श्रोत्यांपैकी कुणीतरी मनात म्हणत असेल, माशी एवढी मूर्ख कशी? एकदा फसली, दुसऱ्यांदा तरी कळायला नको? मला ती मूर्ख वाटत नाही. हिशेब करा. रानात रोज कितीतरी मधमाश्या कोळ्यांच्या तोंडी जातात. त्या मानानं अशा वेली अगदी तुरळक. वास आला की जाणं यात बहुतेक वेळा लाभ आहे, कारण बहुतेक वेळा तिथे खरंच जेवण असतं. शंका घेत बसली तर कोळी जेवून मोकळा होईल. कधीमधी एक दिवस कोंडून राहावं लागलं तर ती किंमत स्वस्त आहे. खोटं नाणं तोवरच चालतं जोवर बाजारात खरी नाणी पुष्कळ असतात. वेल दुर्मिळ असणं हा तिच्या लबाडीचा भाग आहे, असं म्हणायला जागा आहे.

आणि आता मी तुम्हाला आफ्रिकेतून थेट सह्याद्रीत आणतो, कारण सेरोपेजिया ही आपल्या घरची प्रजाती आहे. आपण तिला खर्चुडी म्हणतो, कुणी कंदीलपुष्प म्हणतात. श्रावण-भाद्रपदात पठारांवर, कड्यांच्या उतारांवर, गवतात वीत-दीड वीत उंचीची झाडं किंवा झुडपांवर चढलेल्या वेली, आणि त्यांवर उभे कंदील. भारतातल्या खर्चुड्यांपैकी बहुसंख्य प्रदेशनिष्ठ आहेत, आणि त्यांचं मोठं माहेर पश्चिम घाट. सेरोपेजिया पाचगणीएन्सिस, सेरोपेजिया सह्याद्रिका, नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावरची सेरोपेजिया अंजनेरिका, पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ टी. एस. महाबळे यांच्या नावाची सेरोपेजिया महाबळेई. नावं वाचली तरी महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. काही जाती एवढ्या थोड्या जागेत उरल्या आहेत की एखादा रस्ता रुंद झाला, एखाद्या पठारावर रिसॉर्ट उठलं की संपल्या. कंद खाण्याजोगे असतात. गुराखी पोरं उकरून खातात, साळिंदरं आणि रानडुकरं खातात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या खर्चुड्या हुडकल्या, नव्या जाती नोंदवल्या, विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढवल्या. या कामाचं मोल मोठं आहे.

सगळ्याच खर्चुड्या मधमाशीचीच नक्कल करतात, असा अर्थ कुणी काढू नये. खर्चुड्यांच्या फुलांत सापडलेल्या माश्या कितीतरी वेगवेगळ्या कुळांतल्या आहेत. जिची तिची गिऱ्हाइकं वेगळी, आणि जिचा तिचा वासाचा नुस्खा वेगळा. पण गिऱ्हाईक कुणीही असो, ते काही मिलिमीटरची माशी असतं, आणि बी धरणं तिच्यावर अवलंबून असतं. इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. आपलं संवर्धन कंदापाशी थांबतं. कंद कुंडीत लावला, रोपवाटिकेत शंभर रोपं केली, फुलाचा सुंदर फोटो घेतला की काम फत्ते झालं असं आपण मानतो. फुलाचा फोटो घेणारे शेकडो, फुलात डोकावणारा एखादाच. वेल जिला हाक मारते ती माशी त्या पठारावर उरली आहे का? माशीचं जेवण ज्यावर चालतं तो कोळी, तो ढेकूण, ती सातेरी तिथे उरली आहे का? पठाराच्या कडेच्या शेतात फवारणी झाली की आधी मरतात त्या या सगळ्या. कंद जमिनीखाली सुरक्षित असतो. तो दर पावसाळ्यात उगवेल, फुलेल, ठरलेली थाप मारेल, आणि थापेला भुलणारं कुणी नसेल. अशी वेल कागदावर जिवंत असते.

म्हणून आपण आपल्या जैवविविधतेच्या नोंदवह्यांत माश्यांना रकाना दिला पाहिजे. गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या पाहा: वृक्ष असतात, औषधी वनस्पती असतात, पक्षी असतात, क्वचित फुलपाखरं असतात. माशी म्हणून एखादी ओळ असलीच तर ती मधमाशीची. चोरांना सोडा, साध्या माश्यांनाही जागा नाही. महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या विभागांमध्ये बहुतेक ठिकाणी एकच भिंत असते. खर्चुडीसाठी त्या भिंतीत एक दार पाडावं लागेल, कारण फूल एका विभागाचं आणि माशी दुसऱ्या विभागाची.

तुमच्याकडून मला मागायचं आहे ते याहून सोपं आहे. येत्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या फुलांच्या दिवसांत कुठे खेकडा-कोळ्याच्या तोंडी मधमाशी दिसली तर पुढे जाऊ नका. पाचेक मिनिटं थांबा आणि काळे ठिपके उतरतात का पाहा. उतरले तर मोबाइलमधून जवळचा फोटो घ्या, तारीख, गाव आणि फुलाचं नाव टिपून ठेवा. खर्चुडी दिसली तर फूल तोडू नका, कंद उकरू नका, आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर जाहीर करू नका. खाली गळून पडलेलं फूल मात्र खुशाल उचला आणि ब्लेडनं उभं चिरून पाहा. आत एखादी माशी राहून गेलेली सापडली तर ती कागदाच्या पुडीत बांधा, वर तारीख आणि ठिकाण लिहा, आणि जवळच्या महाविद्यालयात कीटकांचं काम करणाऱ्या कुणाकडे तरी पोचती करा.